व्याख्येतून निसटलेले पाणी : पाणथळ जमीन नियम, २०१७ आणि पनवेल-उरणचे पाणलोट क्षेत्र

प्रस्तावना :

कायद्याचा मसुदा हा सहसा समीक्षेचा विषय मानला जात नाही. त्याचे अर्थनिर्णयन न्यायालयाकडे आणि अंमलबजावणी प्रशासनाकडे सोपविली की अभ्यासकाची जबाबदारी संपली, असा समज रूढ आहे. वस्तुतः व्याख्या ही भाषेची कृती असते आणि ती काय सामावून घेते याइतकेच काय वगळते हेही वाचावे लागते. पाणथळ जमिनींचे संवर्धन व व्यवस्थापन यासंबंधीचे केंद्रीय नियम प्रथम ४ डिसेंबर २०१० रोजी आणि नव्या स्वरूपात २६ सप्टेंबर २०१७ रोजी अधिसूचित झाले. प्रस्तुत लेखात २०१७ च्या व्याख्येची चिकित्सा पनवेल-उरण परिसरातील किनारी पाणलोट क्षेत्राच्या संदर्भात केली आहे. मराठवाड्यातील वाचकास हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या वाक्याने कोकणातील मिठागर वगळले, त्याच वाक्याने नाथसागरासारखा जलाशयही वगळला आहे.

व्याख्येची दोन रूपे :

२ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे झालेल्या करारात पाणथळ जमिनीची व्याख्या अत्यंत व्यापक आहे. नैसर्गिक वा कृत्रिम, कायम वा तात्पुरती, गोडी, मचूळ वा खारी अशी कोणतीही पाणभरली जागा तीत येते. भारत या करारात १९८२ मध्ये सहभागी झाला. दोन्ही नियमांनी आपल्या व्याख्येचा आरंभ याच शब्दांनी केला आहे. फरक पडतो तो पुढे. २०१० च्या व्याख्येत मानवनिर्मित जलाशयांचा स्पष्ट उल्लेख होता. शिवाय ज्या भूभागाचे पाणी पाणथळीत उतरते, ते पाणलोट क्षेत्रही व्याख्येतच अंतर्भूत होते. मुख्य नदीपात्रे, भातशेती आणि सागरी किनारा नियमनाखालील पाणथळी तेव्हाही वगळलेल्या होत्या, हे मान्य केले पाहिजे.

२०१७ मध्ये वगळण्याची यादी वाढली. नदीपात्र आणि भातशेती यांच्या जोडीला पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव, तसेच मत्स्यसंवर्धन, मीठ उत्पादन, मनोरंजन आणि सिंचन यांसाठी खास बांधलेल्या रचना व्याख्येबाहेर गेल्या. पाणलोट क्षेत्राचा विचार 'प्रभाव क्षेत्र' या स्वतंत्र संज्ञेत गेला. वनक्षेत्र, वन्यजीव कायद्याखालील क्षेत्र आणि सागरी किनारा नियमन क्षेत्र यांनाही हे नियम लागू नाहीत. म्हणजे वाक्याच्या पूर्वार्धात 'कृत्रिम' पाणथळीला दिलेला प्रवेश उत्तरार्धात काढून घेतला आहे. पाणी तेथे कसे वागते, हा निकष मागे पडून ती जागा कोणत्या हेतूने बांधली, हा निकष पुढे आला आहे. राज्यस्तरीय प्राधिकरणांची तरतूद हा या नियमांचा गुण खरा. पण जे व्याख्येतच नाही, त्याविषयी प्राधिकरण तरी काय करणार?

डोंगरापासून खाडीपर्यंत :

ही व्याख्या हाती घेऊन माथेरानच्या पायथ्याकडून पनवेलच्या खाडीपर्यंत गाढी नदीच्या बरोबरीने खाली उतरत गेल्यास तिचा परिणाम लक्षात येतो. डोंगरउतार वनक्षेत्र, म्हणून नियम लागू नाहीत. देहरंग धरण पनवेलला पिण्याचे पाणी पुरवते, म्हणून ते वगळले. नदी स्वतः नदीपात्र, म्हणून वगळली. काठची भातशेती वगळली. खाली खारजमिनी, जिताड्याची तळी आणि पूर्वीची मिठागरे. तळी मत्स्यसंवर्धनाची आणि मिठागरे मिठाची, म्हणून तीही वगळली. शेवटी खारफुटी आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल; तेथे किनारा नियमनाचा अंमल. पाण्याचा एक थेंब हा सारा प्रवास अखंडपणे करतो. व्याख्येला मात्र या वाटेवर पाणथळ अशी क्वचितच भेटते.

किनारा नियमन पुरेसे आहे, दुहेरी बंधन कशाला, असा युक्तिवाद केला जातो. तो तपासण्यासारखा आहे. किनारा नियमन भरतीरेषेपासून मीटरमध्ये मोजते. खाडीकाठी हे अंतर २०११ च्या अधिसूचनेत १०० मीटर होते, २०१९ मध्ये ते ५० मीटरवर आले. पाणलोट मात्र भरतीरेषेला ओळखत नाही. पक्ष्यांचेही तसेच आहे. रोहित, चिखल्या, तुतवार हे पक्षी ओहोटीला चिखलावर चरतात. भरतीने चिखल झाकला की बांधाआडच्या मिठागरांत आणि उथळ तळ्यांत विसावतात. उरणमधील पाणजे किंवा नेरूळचे तळे यांचे महत्त्व या भरतीच्या काही तासांत आहे. चिखल राखला आणि विसाव्याची जागा बुजवली, तर अर्धाच अधिवास उरतो, आणि अर्ध्या अधिवासावर पक्षी टिकत नाही.

या परिसरातील विकासाचा वेग सर्वज्ञात आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. विमानतळासाठी २००९ मध्ये किनारा नियमनात दुरुस्ती झाली. उलव्याचा डोंगर कापला गेला, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. नवी मुंबईच्या नियोजनकारांना सखल भूमीचे भान नव्हते, असे म्हणता येणार नाही. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी थोपवून धरण्यासाठी त्यांनी डच पद्धतीचे धारण तलाव आखले होते. हेच कार्य मिठागरे आणि खारजमिनी विनामूल्य करीत होत्या, याची नोंद मात्र जमिनीच्या हिशेबात झालेली दिसत नाही. तो हिशेब न झाल्यास काय घडते, हे २६ जुलै २००५ रोजी मिठी नदीने दाखविले. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि खाडीत भरती होती. त्या पुराच्या सत्यशोधन समितीचे अध्यक्ष डॉ. माधवराव चितळे हे या शहराशी दीर्घकाळ निगडित असलेले जलतज्ज्ञ होत. पूर समजून घ्यायचा तर एकेक नाला न पाहता संपूर्ण पाणलोट पाहावे लागते, ही दृष्टी येथील अभ्यासकांना अपरिचित नाही.

प्रश्नाची दुसरी बाजू नाकारता येत नाही. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीतील अपात्र रहिवाशांच्या घरांसाठी घेण्यास मान्यता दिली. घराची गरज खरी आहे. परंतु ज्यांना अन्यत्र जागा नाकारली, त्यांनाच भरतीपातळीलगतच्या सखल जमिनीवर वसविणे हा न्याय म्हणावा काय? व्याख्येतील 'मीठ' हा एक शब्द अशा वेळी पक्ष्यांपुरता राहत नाही.

नाथसागराच्या काठावरून :

छत्रपती संभाजीनगरची स्थिती वेगळी नाही. नाथसागर सिंचनाचा, हर्सूल तलाव पिण्याच्या पाण्याचा आणि खाम हे नदीपात्र. या व्याख्येपुढे तिन्ही निरुत्तर आहेत. नाथसागराला १९८६ पासून पक्षी अभयारण्याचे कवच आहे, ते वन्यजीव कायद्यामुळे. खामला तेही नाही. सर्वांत बोलके उदाहरण मात्र गोदावरीच्याच वरच्या अंगाला आहे. नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठीच बांधला गेला. त्यामागे गाळ साचत गेला, बेटे झाली, पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले. आणि हेच ठिकाण महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. सिंचनाच्या हेतूने बांधलेली ही रचना नव्या व्याख्येच्या कसोटीवर पाणथळच ठरत नाही.