मार्ग क्रमांक ११९ : एका खेळातील निसर्गाची तपासणी

मुलाच्या हातात खेळयंत्र दिसले की शिक्षकाच्या कपाळावर आठी उमटते. ती अगदीच निराधार असते असे नाही. पण अलीकडे उलट बाजूचा एक दावाही ऐकू येतो. प्राणी गोळा करण्याच्या खेळांमधून मुले निरीक्षण शिकतात, अधिवास म्हणजे काय ते जाणतात, नोंदी ठेवतात. थोडक्यात, हा एक प्रकारचा निसर्गअभ्यासच आहे, असा तो दावा. आठी आणि दावा, दोन्ही बाजूंना ठेवून आम्ही अशा एका खेळातील एकच रस्ता खालपासून वरपर्यंत चालून पाहिला. संपूर्ण खेळाविषयी ठोकळ मत देण्यापेक्षा एका तुकड्याची नीट तपासणी केलेली बरी. झाडाचे वय काढायला सबंध जंगल तोडावे लागत नाही.

खेळ आहे 'पोकेमॉन'. त्याचे जनक सातोशी ताजिरी हे टोकियोजवळच्या माचिदा गावात वाढले. लहानपणी त्यांना किडे गोळा करण्याचा विलक्षण नाद होता. पुढे तेथील तळी आणि शेते बुजवून इमारती उभ्या राहिल्या, आणि आता मुलांना किडे पकडायला जागाच उरली नाही ही रुखरुख त्यांनी पुढे बोलूनही दाखवली. १९९६ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या खेळामागे ती रुखरुख होती. खेळाची रीत सोपी आहे. आपण एक मूल असतो, पायी गावोगाव हिंडतो, आणि दोन गावांमधल्या रस्त्यावर गवतात पाय टाकला की एखादा काल्पनिक प्राणी अचानक समोर येतो. त्याला पकडायचे आणि आपल्या विद्युत-नोंदवहीत त्याची भर घालायची. भारतात ही प्राणिसृष्टी २००३ पासून कार्टून नेटवर्कवरील मालिकेने घरोघर पोहोचवली, त्यामुळे खेळ न खेळलेली मुलेही यातली नावे घडाघडा सांगतात.

आम्ही निवडलेला रस्ता 'रुबी' आणि 'सफायर' या २००२ सालच्या जोडखेळांतला आहे. त्यांतील होएन्न हा प्रदेश जपानच्या क्यूशू बेटावर बेतलेला आहे. त्यातला ११९ क्रमांकाचा मार्ग दक्षिणेकडून उत्तरेला, झाडांवर घरे बांधलेल्या फोर्ट्री गावाकडे जातो. बाजूने नदी, नदीवर धबधबा, आणि बराच काळ पाऊस. कधी साधा, कधी गडगडाटी, मध्येच उघडीप. गवत इतके उंच की चालणारे मूल त्यात जवळजवळ बुडते. या गवतात सायकल चालत नाही, धावताही येत नाही, पाऊल मोजूनच टाकावे लागते. वाटेत एक हवामान संस्था आहे, तिथे पाऊस आणि अवर्षण यांवर काम करणारे शास्त्रज्ञ भेटतात. गुंडांच्या टोळीच्या तावडीतून संस्था सोडवली की ते कॅस्टफॉर्म नावाचा, हवेप्रमाणे रूप पालटणारा जीव भेट देतात. हाताच्या पंज्याएवढ्या पडद्यावर 'आपण कुठेतरी आलो आहोत' ही जाणीव इतक्या थोड्या साधनांत उभी करणे सोपे नव्हे. या बाबतीत रचनाकारांना आमचे पैकीच्या पैकी गुण.

आता गवतात शिरू. या गवतात पाच प्रकारचे प्राणी भेटतात. झिगझॅगून, लायनून आणि ऑडिश हे प्रत्येकी शंभरात ३० वेळा, मानेला केळ्यांसारखी फळे लागलेला ट्रोपियस ९ वेळा, आणि सरड्यासारखा रंग बदलणारा केक्लिऑन फक्त १ वेळा. प्रत्येक भेट म्हणजे एक स्वतंत्र सोडत. आधी कोण भेटले याचा पुढच्या भेटीशी काही संबंध नाही.

इथे गणिताच्या शिक्षकांनी कान टवकारावेत. 'शंभरात एक' म्हटल्यावर शंभर भेटींत केक्लिऑन भेटलाच पाहिजे, असे बहुतेक मुले समजतात, आणि मोठेही समजतात. एका भेटीत तो न भेटण्याची संभाव्यता ०.९९. शंभर भेटींत एकदाही न भेटण्याची संभाव्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.३७. तेव्हा शंभर भेटींनंतरही तीनांतल्या एकाहून अधिक मुलांची झोळी रिकामीच राहणार. खात्री ९५ टक्क्यांवर न्यायची तर सुमारे तीनशे भेटी हव्यात. फाशाच्या उदाहरणांनी जांभया देणारा वर्ग या हिशोबाला सरसावून बसेल, कारण झोळी रिकामी राहिल्याचा चटका त्यांतल्या काहींनी स्वतः अनुभवलेला असतो. संभाव्यतेचे याहून प्रामाणिक उपकरण आमच्या तरी पाहण्यात नाही.

पण उपकरण संभाव्यतेचे आहे, निसर्गाचे नव्हे. फरक कुठे पडतो ते एका जुन्या पद्धतीने तपासता येते. तळ्यात मासे किती, हे मोजायला जीवशास्त्रज्ञ काही मासे पकडून खुणा करून सोडतात आणि काही दिवसांनी पुन्हा जाळे टाकतात. समजा पहिल्यांदा ४० माशांना खूण केली आणि दुसऱ्यांदा पकडलेल्या ५० मध्ये १० खुणेचे निघाले, तर तळ्यात सुमारे २०० मासे असावेत असा अंदाज बांधता येतो. हाच प्रयोग ११९ क्रमांकाच्या गवतात करायला जावे तर तो पहिल्याच पायरीवर कोसळतो. सोडून दिलेला ऑडिश पुन्हा कधीच भेटत नाही, आणि हजार ऑडिश पकडले तरी पुढची सोडत पुन्हा ३० टक्क्यांचीच. तिथे ऑडिशांची संख्या कमी नाही, जास्तही नाही; मुळात संख्याच नाही. गवताखाली फक्त एक तक्ता आहे.

हा तक्ता सबंध मार्गाला एकच. नदीकाठच्या गवताला जो, तोच वरच्या अंगाच्या गवताला. पाण्याचेही तसेच. धबधब्याच्या वर आणि धबधब्याच्या खाली तेच जीव, त्याच प्रमाणात. खऱ्या नदीत धबधबा ही माशांच्या वाटेतली भिंत असते. वरच्या डोहातले मासे आणि खालचे मासे यांत फरक का, हा शालेय सहलीतही विचारण्याजोगा प्रश्न आहे. इथे तो संभवत नाही. या नदीत टेंटाकूल नावाचा जेलीफिशसारखा जीवही मिळतो. खाली नदी समुद्राला मिळते तिथे तो समजू शकतो, पण धबधबा चढून तो वर कसा गेला हे हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनाही सांगता यायचे नाही. आणि पाऊस? तो लढाईत पाण्याच्या माऱ्याचा जोर वाढवतो, आगीचा घटवतो. गवतातून कोण बाहेर येणार यावर त्याचा तिळमात्र परिणाम नाही. मृगाच्या पहिल्या सरीनंतर अंगणात काय काय बाहेर पडते हे पाहिलेल्या कोणालाही हे खटकावे.

न्यायासाठी एक अपवाद नोंदवतो. या मार्गावर फळझाडे लावायच्या मऊ मातीच्या जागा आहेत. झाडाला वाढीच्या टप्प्यांवर पाणी घातले तर फळे जास्त धरतात, न घातले तर कमी. इथे कारण आहे आणि त्याचे कार्य आहे. दोन वाफ्यांत एकच फळ लावून एकाला पाणी घालावे, दुसऱ्याला घालू नये, की तुलनेचा छोटासा प्रयोग खेळातच पार पडतो.

आता या मार्गाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट. या नदीत फीबस नावाचा एक मळकट, दीनवाणा मासा आहे. गळ टाकण्याजोगे सारे चौकोन मोजले तर ते ४४७ भरतात, आणि त्यांतल्या फक्त ६ चौकोनांत हा मासा असतो. त्या सहांतल्या चौकोनातही गळाला लागलेला मासा फीबस असण्याची शक्यता निम्मीच. म्हणजे एखाद्या चौकोनात एकदा दुसराच मासा लागला म्हणून तो चौकोन बाद करता येत नाही. पाच वेळा दुसरा मासा लागला, तर चुकून बाद करण्याची शक्यता बत्तिसांत एक एवढी खाली येते. किती पुराव्यावर 'नाही' म्हणायचे, हा विज्ञानातला कायमचा प्रश्न इथे एका पोराला गळ हातात धरून सोडवावा लागतो. नदीचा नकाशा कागदावर उतरवून तपासलेल्या चौकोनावर फुली मारत जाणे, हाच शहाणपणाचा मार्ग. इथपर्यंत आम्ही खेळावर खूश होतो.

पण ते सहा चौकोन ठरतात कशाने? पाण्याच्या खोलीने नाही, प्रवाहाच्या वेगाने नाही, काठच्या सावलीनेही नाही. होएन्नमध्ये ड्यूफर्ड नावाचे एक गाव दूरच्या एका बेटावर आहे. तिथल्या लोकांच्या तोंडी सध्या कोणता शब्दप्रयोग खेळतो आहे, त्यावरून ते ठरतात. तो बदलला की नदीतल्या जागाही बदलतात. जागांची निवड यादृच्छिक आकड्यांनी होते आणि त्या आकड्यांची सुरुवात त्या शब्दप्रयोगाशी जोडलेली असते. हे गुपित खेळाची आज्ञावली सोलून पाहणाऱ्यांनी उघड केले. रचनाकारांची गंमत म्हणून कोणी याचे कौतुक करील. आमचा आक्षेप मात्र इथेच आहे, आणि तो ठाम आहे. नदीकाठी वर्षभर बसून, प्रत्येक माशाची नोंद ठेवूनही हा नियम हाती लागणार नाही, कारण तो नदीत नाहीच. सातवी फीबस-जागा शोधताना पहिल्या सहांचा काही उपयोग नाही. त्या जागांमध्ये समान असे काहीच नसते. खरा कोळी एका डोहात मासा सापडला की तसलाच दुसरा डोह हुडकतो. त्याच्या ज्ञानाची सुरुवातच 'तसलाच' या शब्दापासून होते. हा खेळ चिकाटी शिकवतो. पण चिकाटीतून जमवलेल्या नोंदींमधून 'का' कडे जाण्याची वाट त्याने बुजवून टाकली आहे. मग मूल काय करते? जाणत्याला विचारते, किंवा मार्गदर्शक पुस्तक उघडते. हे चित्र आम्हांला फार ओळखीचे वाटले. प्रयोगाच्या वहीत उत्तर आधी लिहून निरीक्षणे मागाहून भरणाऱ्या वर्गात हेच घडते.

फीबसला फळांच्या वड्या चारून पुरेसे देखणे केले की त्याचा मायलॉटिक हा सुंदर जलसर्प बनतो, आणि याला खेळ 'उत्क्रांती' म्हणतो. एका जीवाच्या आयुष्यात घडतो तो बदल म्हणजे रूपांतरण. सुरवंटाचे फुलपाखरू होते तसे. उत्क्रांती पिढ्यान्‌पिढ्या, समूहात घडते. या एका शब्दाने दहावीच्या वर्गात किती गोंधळ माजवला आहे हे जीवशास्त्राच्या शिक्षकांना सांगायला नको.

या साऱ्यात मोल कशाचे पणाला लागले आहे ते २००२ सालच्याच एका पाहणीवरून कळते. केंब्रिजचे अँड्र्यू बामफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील १०९ शाळकरी मुलांना चित्रांचे पत्ते दाखवून नावे विचारली. चार वर्षांच्या मुलांना तिथले खरे प्राणी-वनस्पती ३२ टक्के ओळखता आले, पोकेमॉन ७ टक्के. आठ वर्षांच्या मुलांत खऱ्या जीवांचा आकडा ५३ पर्यंत चढला आणि पोकेमॉनचा ७८ वर गेला. 'सायन्स'मध्ये छापून आलेल्या या टिपणाचा वापर मुलांना दूषणे द्यायला अनेकांनी केला. आम्हांला त्यात उलट दिसते. शेकडो जीवांची नावे, रूपे आणि ठिकाणे लक्षात ठेवण्याची क्षमता मुलांत भरपूर आहे. ती खर्ची घालायला जागा मिळाली की ती खर्ची पडते. ताजिरींच्या माचिदातली तळी बुजली तेव्हा ती जागा गेली, आणि त्यांनी दिलेली बदली जागा म्हणजे हा तक्ता.

हे खेळयंत्राच्या मर्यादेमुळे झाले असे म्हणावे तर तेही खरे नाही. १९९९ च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' खेळांत घड्याळ होते आणि रात्री वेगळे प्राणी बाहेर पडत. तीन वर्षांनी आलेल्या 'रुबी' आणि 'सफायर'मध्ये ती सोय काढून टाकली गेली. २०१९ च्या 'सोर्ड' आणि 'शील्ड'मध्ये हवामानाप्रमाणे प्राणी बदलू लागले. २०२२ च्या 'लेजंड्स : आर्सेअस'मध्ये तर नोंदवहीचे पान एका पकडीने पुरे होत नाही. प्राणी काय खातो, कोणता डाव टाकतो, हे पुन्हा पुन्हा पाहून टिपावे लागते, आणि दुरून दिसणारा प्राणी आपली चाहूल लागताच पळतो किंवा अंगावर येतो. संख्या तिथेही खरी नाही. तरी गवतात दबून बसून पाहण्याला तिथे किंमत आहे.

तेव्हा ११९ क्रमांकाचा मार्ग आम्ही परिसर अभ्यासाच्या तासाला नेणार नाही. गणिताच्या तासाला मात्र तो जरूर न्यावा, आणि फीबसच्या नदीवरून एक उदाहरण घालावे. ४४७ चौकोनांत ६ मासे कुठेही दडले आहेत. एका टोकाकडून ओळीने तपासत गेल्यास पहिला मासा सरासरी कितव्या चौकोनात सापडेल? ४४७ ला ६ ने भागून साडेचौऱ्याहत्तर सांगणारे विद्यार्थी पुष्कळ निघतील. ते उत्तर तपासलेला चौकोन विसरून पुन्हा पुन्हा कुठेही गळ टाकणाऱ्याचे आहे. फुल्या मारत जाणाऱ्याचे उत्तर ६४ येते. का, ते कळण्यासाठी आधी पाच चौकोन आणि दोन मासे घ्यावेत. मांडण्या दहाच होतात. त्या वहीत काढून प्रत्येकीत पहिला मासा कितवा ते लिहावे. बेरीज २० येते आणि सरासरी २. हेच ५ अधिक १ भागिले २ अधिक १. मासे कुठेही ठेवले तरी मोकळ्या चौकोनांचे सरासरी तीन सारखे भाग का पडावेत, एवढे एकदा पटले की ४४७ चा हिशोब मुले स्वतःच करतील.