‘गोळी की बोलणे?’ : नैराश्योपचाराविषयीच्या एका प्रश्नाची चिकित्सा

नैराश्यावर औषध बरे की अन्य उपाय बरे, हा प्रश्न मराठी आरोग्यविषयक लेखनात वारंवार विचारला जातो. त्यातील ‘की’ हे विकल्पवाचक अव्यय दोन्ही पक्षांचा परस्परविरोध गृहीत धरते. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, वैद्यकाचा नव्हे. तथापि प्रश्नाची मांडणी आणि उपलब्ध पुरावा यांचा मेळ बसतो किंवा नाही, एवढे तपासण्याचा अधिकार त्याला असावा.

प्रथम औषधांचा पक्ष घेऊ. इप्रोनियाझिड हे मुळात क्षयावरचे औषध. १९५२ च्या सुमारास क्षयरोग्यांना ते देताना त्यांची वृत्ती उल्हसित झाल्याचे आढळले. पुढे १९५७ साली स्वित्झर्लंडमधील रोलांड कून यांनी इमिप्रामीनचा नैराश्यावरील गुण प्रसिद्ध केला. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये ५२२ चाचण्यांचा एकत्र आढावा आला. त्यात तपासलेली एकवीसही औषधे निरौषधी गोळीपेक्षा सरस ठरली; मात्र फरक सरासरीने माफक होता आणि निष्कर्ष मुख्यतः पहिल्या आठ आठवड्यांपुरते होते. पुढे २०२२ साली सिरोटोनिनच्या उणिवेने नैराश्य येते या मतास सुसंगत आधार मिळत नाही, असा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यावरून औषधेच निरुपयोगी आहेत असे अनुमान अनेकांनी काढले. हे अनुमान सदोष होय. कारणाची उपपत्ती ढासळली म्हणून परिणामाचे निरीक्षण रद्द होत नाही. इप्रोनियाझिडच्या बाबतीत तर निरीक्षण आधी झाले, उपपत्ती मागाहून आली.

आता दुसरा पक्ष. येथे आपल्या शेजारच्या गोव्यातील संशोधन विशेष मोलाचे आहे. ‘संगथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. तीव्र स्वरूपाचे नैराश्य असलेले ४९५ प्रौढ तीत होते. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकींत रुग्णाशी बोलून, सुटलेली कामे आणि तुटलेल्या भेटीगाठी हळूहळू पुन्हा सुरू करविल्या. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

हे यश लहान नव्हे. परंतु ‘बोलण्याने गोळीस हरविले’ असा त्याचा अर्थ लावणे चूक आहे. दोन्ही गटांतील डॉक्टरांस निदान कळविले होते, उपचाराची मार्गदर्शक तत्त्वे दिली होती, आणि औषध कोणासही वर्ज्य नव्हते. बोलण्याची भर घातल्याने काय साधते, एवढेच चाचणीने तपासले. त्याच संस्थेच्या २०१० च्या अभ्यासात तर समुपदेशन व औषध ही एकाच उपचाराच्या पायऱ्या म्हणून योजिली होती. म्हणजे ज्या पुराव्याच्या बळावर ‘की’ लिहिले जाते, तो पुरावा वस्तुतः ‘आणि’चा आहे.

याहूनही आधीचा एक प्रश्न या वादात हरवतो. तो म्हणजे, रुग्णाचे दुःख वैद्यापर्यंत कोणत्या शब्दांत पोचते? ‘नैराश्य’ हा संस्कृत घडणीचा शब्द. त्याचा व्युत्पत्त्यर्थ आशेचा अभाव. प्रस्तुत लेखकाच्या नरडाणा येथील एका आप्त वृद्धेस एका दवाखान्यात ‘तुम्हांला निराश वाटते का?’ असे विचारले असता तिने ‘नही’ म्हणून उत्तर दिले. घरी मात्र ती महिनोन्महिने ‘माले काहीच गोड लागत नही’ असे सांगत होती. अहिराणीतील हे ‘माले’ म्हणजे प्रमाण मराठीतील ‘मला’. दुःख अनुभवणारी व्यक्ती येथे वाक्याची कर्ती नाही. तिला काही होत आहे. अन्नाची, माणसांची, कामाची गोडी जाणे हे तर नैराश्याचे प्रमुख लक्षण. लक्षण सांगितले जात होते; प्रश्नावलीचा शब्द तेवढा तिथवर पोचला नाही. तिला मिळालेल्या गोळ्या घरात ‘झोपेच्या गोळ्या’ ठरल्या आणि आठवड्यात परस्पर बंद झाल्या. गुण येण्यास दोन ते चार आठवडे लागतात आणि गोळी एकाएकी सोडू नये, हे तिच्या बोलीत कोणी सांगितले नव्हते. औषध येथे हरले असे म्हणता येत नाही. त्याची परीक्षाच झाली नाही. गोव्यातील रुग्णही आपल्या अवस्थेस बहुधा ‘टेन्शन’ म्हणतात, असे तेथील अभ्यासकांनी नोंदविले आहे.

सारांश, सौम्य नैराश्यात आरंभ बोलण्याने करावा. तीव्र अवस्थेत, विशेषतः जीव देण्याचे विचार येत असता, औषध व तज्ज्ञ यांस टाळू नये. या मर्यादेत निवड रुग्णाची. परंतु निवड करावयाची तर दोन्ही मार्ग त्याला समजतील असे सांगितले पाहिजेत. २०२२ पासून ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत साहाय्य मिळते, ही इष्ट गोष्ट होय. मात्र मराठी म्हणजे केवळ प्रमाण मराठी नव्हे. आरोग्य केंद्रांतील प्रश्नावल्यांसाठी अहिराणीसारख्या बोलींतील दुःखवाचक प्रयोगांचा पद्धतशीर संग्रह होणे अगत्याचे आहे, आणि ते काम वैद्यकाचे जितके, तितकेच आपल्या विभागाचेही आहे.