‘हाड बसविणे’ : एका क्रियापदाची चिकित्सा

वैद्यकीय परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा नामांपुरती होते. ‘फ्रॅक्चर’ला अस्थिभंग म्हणावे, ‘फीमर’ला ऊर्वस्थी म्हणावे, एवढे ठरले की परिभाषा सिद्ध झाली असे मानतात. परंतु रोग्याच्या आप्तांचा समज घडतो तो क्रियापदांवरून. लहान मुलाच्या मोडलेल्या मांडीवरील प्लॅस्टरचा उपचार हे याचे बोलके उदाहरण होय.

साधारणतः सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाची मांडी मोडली आणि हाडाची लांबी २ सेंटिमीटरहून कमी घटली असेल, तर कमरेच्या वरपासून पायापर्यंत प्लॅस्टर घालून ते काही आठवडे ठेवतात. आत हाडाची टोके एकमेकांवर किंचित चढलेली असली तरी शल्यवैद्य ती तशीच राहू देतो. कारण भंगानंतर त्या हाडाची वाढ वेग घेते व सुमारे एका सेंटिमीटरची उणीव पुढे बहुधा भरून निघते.

आपण मात्र म्हणतो, ‘डॉक्टरांनी हाड बसविले’. ‘बसविणे’ हे प्रयोजक क्रियापद आहे. त्याचा कर्ता वैद्य, आणि क्रिया जागच्या जागी पूर्ण झालेली. साहजिकच क्ष-किरणचित्रात चढलेली टोके दिसली की आईबापांना उपचार फसला असे वाटते. अशा वेळी कोणी प्लॅस्टर काढवून मूल दुसरीकडे नेले, तर चाललेली जुळणी मोडते. येथे शब्दाचा दोष मुलाच्या पायावर येतो.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील विवेचन या दृष्टीने अधिक सावध आहे. भग्न सांधण्यास पहिल्या वयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट व उत्तर वयात तिप्पट काळ तेथे सांगितला आहे. आणि त्या विधानात वैद्य कर्ता नाही. सांधा स्वतः स्थिर होतो.

‘बसविणे’ सर्वस्वी टाकाऊ आहे, असे नव्हे. हाडाला पडलेला पीळ वाढीने निघून जाईल असा भरवसा धरता येत नाही. तो प्लॅस्टर घालतानाच काढावा लागतो. तेथे वैद्याचे कर्तृत्व खरे आहे. म्हणून दोन्ही क्रिया वेगळ्या बोलाव्यात : वैद्य हाड सरळ धरतो, हाड जुळून येते. सकर्मक आणि अकर्मक यांतील हा भेद व्याकरणाच्या वर्गात क्षुल्लक वाटतो. रुग्णालयात तो तसा राहत नाही.