नायक नसलेली चौदाजणांची गोष्ट

आजचा विषय जाहीर झाल्यावर आम्हाला दोन जुन्या सहकाऱ्यांचे फोन आले. तत्त्वज्ञानाचा माणूस व्हिडिओ गेमवर बोलणार म्हणजे प्रकृती बरी आहे ना, अशी चौकशी होती. (हशा) प्रकृती बरी आहे. उलट गेल्या वर्षभरात एका कलाकृतीने आम्हाला जितकं छळलं, तितकं बऱ्याच वर्षांत कुठल्या कादंबरीने छळलेलं नाही. म्हणून हा घाट.

खेळ आहे 'फायनल फँटसी' मालिकेतला सहावा. जपानच्या स्क्वेअर कंपनीने २ एप्रिल १९९४ रोजी सुपर फॅमिकॉम या यंत्रासाठी तो काढला. दिग्दर्शक योशिनोरी कितासे आणि हिरोयुकी इतो, संगीत नोबुओ उएमात्सु यांचं. अमेरिकेत त्याच वर्षी तो 'तिसरा भाग' म्हणून विकला गेला, कारण मधले भाग तिथे पोचलेच नव्हते. आम्ही नव्याने निघालेली आवृत्ती इंग्रजीतून खेळलो, तेव्हा नावं तीच घेऊ. खेळलो म्हणजे काय, बटणं नातीच्या हाती आणि वाचन आमच्याकडे, अशी श्रमविभागणी होती. या जातीच्या खेळात वाचायला पुष्कळ असतं, त्यामुळे आमचा निभाव लागला.

आता मुद्द्याकडे. या गोष्टीत चौदा पात्रं तुमच्या हाताखाली येतात, आणि त्यांत नायक कुणीच नाही. सुरुवातीला वाटतं की टेरा ही नायिका. स्मृती गेलेली, साम्राज्याने डोक्यावर गुलामीचं कडं बसवून शस्त्रासारखी वापरलेली मुलगी. तिच्यामागे आपण थोडे चालतो न चालतो तोच गोष्ट लॉककडे जाते. मग टोळी फुटते आणि खेळ सरळ विचारतो, तिघांपैकी कुणाची हकिकत आधी बघायची? क्रम तुम्ही ठरवा. पुढे सेलेस येते, साम्राज्याची बंडखोर सेनानी, आणि उत्तरार्ध तिच्यापासून सुरू होतो. आपल्या नाट्यशास्त्रात मुख्य कथेला जोडून लांबवर चालणाऱ्या उपकथेला 'पताका' म्हणतात. रामकथेत सुग्रीवाची कथा ही पताका. इथे सगळ्या पताकाच आहेत, मुख्य कथा कुठली ते शोधत बसावं लागतं. बरं, नायक एक असला म्हणजे कथानकाला एकता येते असं नाही, हे ॲरिस्टॉटलने कधीच सांगून ठेवलंय. मग ही एकता येते कुठून?

आमचं उत्तर उत्तरार्धात आहे. खेळाच्या मध्यावर खलपुरुष केफ्का जिंकतो. खरोखर जिंकतो. जग मोडतं, जमिनीचा नकाशा बदलतो, टोळी उधळली जाते. वर्षभराने सेलेस एका ओसाड बेटावर जागी होते. सोबत फक्त म्हातारा सिड, ज्याला ती आजोबा म्हणते. तो आजारी पडतो आणि त्याला मासे आणून खाऊ घालायचे असतात. चपळ मासा चांगला, मंद मासा वाईट, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. हाताला लागेल तो मासा आम्ही आणत गेलो. म्हातारा गेला. सेलेस कड्यावर जाते आणि स्वतःला झोकून देते. वाचते. किनाऱ्यावर एक पक्षी असतो, त्याच्या अंगावर लॉकच्या रुमालाची पट्टी. म्हणजे कुणीतरी जिवंत असावं. एवढ्याशा चिंधीवर ती तराफा पाण्यात लोटते.

आणि इथून पुढे हा खेळ जे करतो ते विलक्षण आहे. सेलेस, एडगर आणि सेट्झर, एवढे तिघेच कथेने सक्तीने एकत्र आणलेले आहेत. सेट्झरचं उडतं जहाज मिळालं की केफ्काचा मनोरा तुम्हाला खुला. बाकी कुणालाही न शोधता तिथे जाता येतं. अवघड जाईल, पण जाता येतं. टेरासुद्धा ऐच्छिक! जिच्यापासून गोष्ट सुरू झाली तिला तुम्ही एका मोडक्या गावात अनाथ पोरांजवळ सोडून शेवटाला जाऊ शकता, खेळ हू की चू करणार नाही.

म्हणजे बघा, पूर्वार्धात ही माणसं आपल्याबरोबर होती कारण कथानकाला ती हवी होती. उत्तरार्धात कथानकाला ती नको आहेत, आता आपल्यालाच हवी असली तर शोधायची. कांट म्हणतो, माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नका. वर्गात हे वाक्य आम्ही किती वर्षं शिकवलं त्याची गणती नाही, पण साधन म्हणून गरज संपल्यावर माणसाचं काय करायचं, हा प्रश्न इतका नागडा क्वचितच समोर आला. सायनचंच घ्या. त्याच्या राज्यात पाण्यात विष कालवलं गेलं, बायको आणि मुलगा गेले. पुढे भुतांच्या आगगाडीत ती दोघं चढताना त्याला दिसतात आणि गाडी सुटते. (त्याच्या जरा आधी सॅबिन पैलवान त्याच आगगाडीला उचलून आपटू शकतो, हेही सांगितलं पाहिजे. या खेळाला गांभीर्याचा सोस नाही.) जग मोडल्यावर हाच सायन एका डोंगरावर सापडतो. रेशमाची फुलं करत आणि एका मेलेल्या शिपायाच्या नावाने त्याच्या प्रेयसीला पत्रं लिहीत बसलेला. मनोरा गाठायला त्याची काही आवश्यकता नाही. आपण तो डोंगर चढतो ते त्याचं कसं चाललंय हे बघायला. या चौदाजणांची एकता आहे ती या हिंडण्यात, असं आमचं मत आहे. ती कथानकात आयती मिळत नाही, खेळणाऱ्याला करावी लागते.

आता सगळंच साधलंय असं नाही. चौदांतली निदान तीन भरतीची आहेत. उमारो हा हिमराक्षस तर तुमचं ऐकतही नाही. गोगो नावाचं नकलाकार पात्र एका अजस्र किड्याच्या पोटात राहतं आणि तिथून बाहेर आल्यावरही कथेत येत नाही. मॉग गोड आहे, गोड आहे आणि गोड आहे. पण ही बारीक तक्रार. खरी तक्रार नियमांबद्दल आहे. सुरुवातीला प्रत्येकाची लढण्याची रीत म्हणजे त्याचा स्वभाव असतो. लॉक चोरतो, सेट्झर जुगार लावतो, एडगर यंत्रं काढतो. सायनच्या तलवारीचे आकडे एक ते आठ सावकाश चढतात आणि मूळ खेळात तोवर बाकीच्यांना हुकूमही देता येत नसे. लोक वैतागत. आम्हाला मात्र वाटतं, तो माणूस तसाच आहे, त्याच्यासाठी थांबावंच लागतं. पण पुढे मॅजिसाइट म्हणून स्फटिक मिळतात. ते धारण करून उमारो आणि गोगो सोडून कुणीही कुठलाही मंत्र शिकतो. शेवटी शेवटी राजा काय, जुगारी काय, दहा वर्षांची रेल्म काय, सगळे एकच महामंत्र फेकत उभे! कथा सांगते प्रत्येक जण निराळा, आणि नियम सांगतात कुणीही चालेल. कर्त्यांनी हा अंतर्विरोध पाहिला नसेल असं वाटत नाही. त्यांनी तो सोडवला नाही, इतकंच. आमच्या लेखी हा दोष मोठा आहे आणि चाहते त्याबद्दल फार कमी बोलतात.

शेवटच्या लढाईआधी केफ्का विचारतो, नष्ट होणारच आहे ते तुम्ही उभारता तरी कशाला? मग जे हजर असतील ते एकेक करून उत्तर देतात. सायन सांगतो, बायको-मुलगा माझ्या आत आहेत. बाकीची उत्तरंही अशीच एकेका ओळीची. खरं सांगायचं तर तर्क म्हणून ती फार दुबळी आहेत, आमच्या विद्यार्थ्यांनी लिहिली असती तर आम्ही निम्मे गुण दिले असते. पण ज्याला तुम्ही शोधलं नाही त्याची ओळ तिथे येत नाही, आणि समाप्तीत त्याचा प्रवेशही येत नाही. उत्तराला वजन येतं ते या गैरहजेरीमुळे.

राहिला शॅडो. पैसे घेऊन लढणारा, तोंड झाकलेला, सोबत एक कुत्रा. जग मोडायच्या क्षणी तो मागे थांबून बाकीच्यांना पळायला वाट देतो. कोपऱ्यात घड्याळ उलटं चालतंय. जहाजाच्या कडेला पोचलं की दोन पर्याय येतात, उडी मारा किंवा थांबा. आम्ही पहिल्या खेपेला उडी मारली. पुढे त्याला किती शोधला! नातीनेच कुठून तरी माहिती आणली की अगदी शेवटची पाच सेकंदं उरेपर्यंत थांबलं तरच तो धावत येतो, नाहीतर कायमचा जातो. म्हणजे आम्ही त्याला मारला होता, आणि तेही घाईने. म्हणून आम्ही पुन्हा पहिल्यापासून खेळलो. या वयात! दुसऱ्या खेपेला थांबलो. तो आला. पुढे झोपेत त्याला पडणारी स्वप्नं पाहिली, रेल्म त्याची मुलगी असावी हे त्यातून उमगलं. तिला तो सांगत मात्र नाही. आणि अखेरीस मनोरा कोसळताना सगळे बाहेर पळत असतात, तेव्हा हा माणूस कुत्र्याला पुढे घालवतो आणि स्वतः मागे राहतो.

नात म्हणाली, "आजोबा, मग आपण थांबलो कशाला?"

आम्ही तिला अजून उत्तर दिलेलं नाही. वेळ झाली आहे, आयोजक घड्याळ दाखवताहेत. इथे थांबू आणि तुमचे प्रश्न घेऊ.