टॅग 03233 आणि साडेतीन हजार किलोमीटर

2025 मध्ये अनेक पेपरांत आलेली एक बातमी आठवते का? ओडिशात टॅग लावलेली ऑलिव्ह रिडले कासवाची मादी थेट गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. मथळा ठरलेला: साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास! बातमी खरी आहे, मोठीही आहे. पण ती ज्या कारणानं मोठी आहे ते मथळ्यात नव्हतं, आणि मथळ्यात जे होतं ते कुणी मोजलेलंच नव्हतं.

हातात काय आहे ते आधी बघू. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेनं 18 मार्च 2021 रोजी गहिरमाथ्याला या मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूचा टॅग लावला. क्रमांक 03233. 27 जानेवारी 2025 रोजी हाच क्रमांक गुहागरला दिसला. अंडी 120, पिल्लं 107. बस, एवढाच डेटा.

मग 3500 आले कुठून? नकाशावरून. जमिनीवरून सरळ रेघ मारली तर अंतर याच्या निम्म्याहून कमी भरतं. कासव काही दख्खन ओलांडून चालत येणार नाही, म्हणून दक्षिणेला वळसा घालून समुद्रातला रस्ता धरला. तर्क चुकीचा नाही. पण हा दोन बिंदूंमधला साधारण कमीत कमी रस्ता झाला, तिचा प्रवास नव्हे. कागद घ्या आणि भागाकार करून बघा: मधले दिवस 1411, म्हणजे रोज अडीच किलोमीटर. एवढं तर आपले रिटायर्ड गुरुजी सकाळी फिरून येतात. मधल्या जवळपास चार वर्षांत ती कुठेकुठे गेली, कितीदा आली-गेली, हे टॅग सांगूच शकत नाही. एकाच बातमीत 107 हा मोजलेला आकडा आणि 3500 हा काढलेला, आणि दोन्ही सारख्याच ठसक्यात छापलेले. सिनॉप्सिसमध्ये ही गल्लत केलीत तर व्हायवाला पहिला प्रश्न इथेच येईल.

रस्त्याचा पुरावा हवा असेल तर बागेश्रीकडे जावं लागतं. 2023 मध्ये गुहागरहून सॅटेलाइट ट्रान्समीटर लावून सोडलेली ही मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली होती. तिचा मार्ग दिसला, पण तिकडे तिनं अंडी घातली का, ते त्यातून कळलं नाही. 03233 चं नेमकं उलटं: मार्ग दिसला नाही, पण एकच मादी दोन्ही किनाऱ्यांवर दिसली, आणि पश्चिमेला तिनं अंडीही घातली. मादी जन्मकिनाऱ्याच्या आसपास परतते असं आपण पाठ करतो, आणि पूर्व-पश्चिमेची कासवं वेगळी धरतो. त्याला इथे धक्का बसतो. खरी बातमी ही. (आपल्या सीनेचं, प्रवरेचं पाणीही घाटाखालचं कोकण सोडून बंगालच्या उपसागरालाच जातं, पण ते असो.)

धक्का किती मोठा, ते मात्र एका मादीवरून ठरत नाही. 'असं घडतं' एवढं सिद्ध झालं. 'किती वेळा घडतं' हे नाही. ओडिशात हजारो कासवांना टॅग लावले गेलेत. त्यातली इकडे एकच आली, की एकच दिसली? टॅग गळून पडतात. शिवाय क्रमांक वाचायला मादी वाळूवर असतानाच गाठावी लागते. कोकणात पहाटे गस्त घालणाऱ्या कासवमित्रांना बऱ्याचदा फक्त वाळूतल्या खुणा आणि घरटं सापडतं. मादी तोवर समुद्रात परत गेलेली असते.