आरोपीची बाजू ऐकणारा कादंबरीकार

ना. सं. इनामदार (१९२३–२००२) यांनी ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या त्या प्रौढांसाठी. पण सातारा-सांगलीकडे वाचनाची गोडी लागलेल्या मुलांच्या हाती त्या नववी-दहावीतच पडतात. म्हणून किशोरांचे लेखक या नात्यानेही त्यांचा विचार व्हायला हवा.

इनामदार मूळचे सातारा जिल्ह्यातले. ‘झेप’मध्ये त्रिंबकजी डेंगळे, ‘मंत्रावेगळा’त दुसरा बाजीराव, १९७२च्या ‘राऊ’त बाजीराव-मस्तानी, ‘शहेनशहा’त औरंगजेब. इतिहासाने ज्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, त्यांची बाजू ऐकून घेण्याची ओढ या लेखकाला होती. १९९७ साली अहमदनगरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, ते याच वाटेने चालून.

या कादंबऱ्यांतले फर्मान, खलिता, शिकस्त हे शब्द मराठी शाळेतल्या मुलाला विचारून घ्यावे लागतात. आम्हा उर्दू माध्यमवाल्यांची मुले मात्र भाषेच्या या दारातून सहज आत येतात. ती अडतात माणसांपाशी.

डिसेंबर १६९९मध्ये औरंगजेबाने साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घातला. एप्रिल १७००मध्ये किल्ला घेऊन त्याला आजमतारा हे नाव दिले. हा विषय निघाला की कॉलेजात मुस्लिम मुलाकडे माना वळतात. त्याने बादशहाची वकिली का करावी? आणि बादशहापायी शरमेने मान तरी का घालावी? ‘शहेनशहा’ वाचताना त्याला तिसरी वाट सापडू शकते. बादशहा म्हणजे आपल्या घरचा कोणी नव्हे. तोही एक माणूस, त्याला माणसासारखे पारखावे.

उणीव आहे ती वेगळीच. इनामदारांची नजर वाडा आणि दरबार सोडून फारशी बाहेर जात नाही. ‘राऊ’वरून २०१५ साली हिंदी चित्रपट निघाला आणि मस्तानी घरोघरी पोचली. पण तिचा मुलगा समशेर बहाद्दर १७६१मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढून कामी आला. मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी त्याच लढाईत पकडला जाऊन मारला गेला. ‘शिकस्त’ ही पानिपतानंतरची कथा, पण तिच्या केंद्रस्थानी पार्वतीबाई आहेत.

आमच्या हजेरीपटावर शिकलगार, अत्तार, मुलाणी, तांबोळी ही आडनावे असतात. तलवारीला धार लावणाऱ्या हातांचीही बाजू असते. ती ऐकून घेणारी किशोर-कादंबरी आता याच मुलांपैकी कुणीतरी लिहावी, आणि मराठीत लिहावी. आरोपीकडे कान कसा द्यायचा, हे इनामदारांनी दाखवून ठेवले आहेच.