यक्षिणींचा आंबा आणि चकोराचे चांदणे

कल्पित प्राणी घडविणे हे काम वाटते तितके अवघड नाही. सिंहाच्या धडाला हत्तीची सोंड जोडली, पक्ष्याला दुसरे मस्तक दिले, की व्याल आणि गंडभेरुंड तयार होतात. महाराष्ट्रातील कित्येक किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ आणि गंडभेरुंड कोरलेले आहेत. त्यांच्या पंजांत अथवा चोचींत हत्ती जखडलेले दिसतात. पाथरवटाने त्यांच्या आहाराचा प्रश्न असा एका फटक्यात निकालात काढला आहे. शिकारी प्राण्याचे अन्न ही त्याच्या बळाची द्वाही असते, त्याहून अधिक काही तिला सांगावे लागत नाही. कल्पनाशक्तीची खरी परीक्षा होते ती कल्पित जीव फलाहारी असेल तेव्हा. फळाशी झुंज नाही. फळाला चव असते, ऋतू असतो, बी असते, आणि ते नासते. म्हणजे एक फळ कल्पायचे तर त्याच्यामागे झाड, माती आणि हवामान कल्पावे लागते. आणि ते खाणाऱ्याचे वर्ष कसे जाते हेही ठरवावे लागते.

या प्रश्नाचा विचार करताना चंडीगढचे रॉक गार्डन डोळ्यांपुढे ठेवणे उपयोगी आहे. ल कॉर्बुझिएच्या काटकोनी नगररचनेच्या एका कडेला, सुखना तलावाजवळच्या सरकारी जंगलात, नेकचंद या रस्तेनिरीक्षकाने दीड तपाच्या आसपास काळ गुपचूप एक राज्य वसविले. १९२४ साली शकरगढ तालुक्यातील एका खेड्यात जन्मलेला हा माणूस फाळणीने निर्वासित झाला; त्याचे गाव आज पाकिस्तानात आहे. लहानपणी आईकडून ऐकलेल्या राजाराण्यांच्या गोष्टी हे त्याच्या राज्याचे बीज मानले जाते. १९७६ मध्ये ते उद्यान लोकांसाठी खुले झाले, १९८४ मध्ये नेकचंद यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. नद्यांच्या पात्रांतून सायकलवरून आणलेले विचित्र आकाराचे दगड, भट्टीतली मळी, फुटलेल्या बांगड्या, चिनीमातीच्या बशांचे तुकडे, सायकलींचे सांगाडे यांतून तेथे माणसे, माकडे, पक्षी आणि कोणत्याच जातीत न बसणारे जीव उभे आहेत. नव्या शहरासाठी जी खेडी उठविली गेली त्यांचा राडारोडाही त्यात आहे.

या प्रजेला भूक आहे का, हा प्रश्न पोरकट नाही. ज्या बशीत कोणी एके काळी जेवले, तिचे तुकडे येथे कोणाच्या अंगावरचे वस्त्र झाले आहेत. भांडे आहे, पण ते भांडे म्हणून नाही. अन्नाची आठवण कातडीवर चिकटलेली आहे. दगड, काच आणि सिमेंट या न नासणाऱ्या वस्तू आहेत, आणि न नासणाऱ्या वस्तूतून फळाचा आकार घडतो, फळ घडत नाही. उठून गेलेल्या गावांची आणि सीमेपलीकडे राहिलेल्या गावाची ही प्रजा रांगेने उभी राहते, पाहते, पण जेवत नाही. ही नेकचंदांच्या कलेची उणीव मानण्याचे कारण नाही. त्या प्रजेच्या शांततेला जो एक हुरहुर लावणारा गुण आहे तो येथूनच येतो. मात्र आकाराने जे साधत नाही ते भाषेला साधते काय, हे पाहण्यासाठी याहून चांगली पार्श्वभूमी मिळणे कठीण आहे.

भाषेने ते पूर्वीच साधले आहे, आणि तेही आश्चर्यकारक बारकाव्याने. भागवत पुराणाच्या पाचव्या स्कंधातील सोळाव्या अध्यायात मेरूभोवतीच्या चार पर्वतांवरचे चार महावृक्ष वर्णिलेले आहेत. मंदर पर्वतावर अकराशे योजने उंच आंबा आहे. त्याची फळे पर्वतशिखरांएवढी आहेत. इतक्या उंचावरून पडल्यावर ती फुटतात, त्यांच्या सुगंधी, तांबूस, गोड रसाची अरुणोदा नावाची नदी होते. तो रस भवानीच्या परिचारिका असणाऱ्या यक्षस्त्रिया सेवन करतात, आणि त्यांच्या अंगाला लागून आलेला वारा दहा योजनांपर्यंतचा प्रदेश गंधित करतो. येथे पुराणकाराने केवळ ‘मोठा आंबा’ सांगून हात झटकलेले नाहीत. फळ पिकते, पडते, फुटते, वाहते, कोणाच्या तरी पोटात जाते आणि तिच्या अंगाचा वास होऊन पुन्हा हवेत येते. यक्षिणी म्हणजे कोण, हे तिच्या दागिन्यांवरून कळले नसते. ते तिच्या आंब्यावरून कळते.

शेजारच्या पर्वतावरील जांभळाचे वर्णन तर याहून मार्मिक आहे. ती जांभळे हत्तीच्या देहाएवढी आहेत, आणि त्यांत बी जवळजवळ नाही. जांभूळ खाणाऱ्या कोणाही माणसाला ठाऊक आहे की या फळाची एकमेव तक्रार म्हणजे त्याची बी. गर कमी आणि आठळी मोठी. फळ हत्तीएवढे केल्यावर बीही त्या मानाने वाढवली असती तर गणित बरोबर ठरले असते, पण फळ फुकट गेले असते. कल्पनेने येथे नुसती वाढ केलेली नाही, दुरुस्ती केली आहे. आणि ती दुरुस्ती जांभूळ प्रत्यक्ष खाल्लेल्या माणसाची आहे. पुढे त्या रसाची जंबूनदी होते, तिच्या दोन्ही काठांचा चिखल रसात भिजून वाऱ्या-उन्हाने वाळतो आणि त्याचे जांबूनद नावाचे सोने होते. जांभळाने जीभ आणि कपडे रंगतात, हा अनुभव सोन्यापर्यंत नेणारी ही दृष्टी आहे. अद्भुताची ताकद अनोळखीपणात नसते. ओळखीच्या वस्तूतला एकच गुण धरून तो शेवटपर्यंत नेण्यात असते.

संस्कृत साहित्यशास्त्राला या व्यवहाराची पूर्ण जाणीव होती. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कविसमयांची चर्चा करताना जे नाही ते वर्णिणे आणि जे आहे ते न वर्णिणे, असे दोन्ही प्रकार मान्य केले आहेत. चकोराने चांदणे पिणे हा पहिल्या प्रकारातला संकेत. दुसऱ्या प्रकारात चंदनाला फुलेफळे नाहीत आणि अशोकाला फळ नाही असे कवीने मानावे, असे तो नोंदवितो. वास्तविक ही दोन्ही झाडे फळतात. म्हणजे कवींनी खऱ्या झाडांची खरी फळे काढून घेतली आणि पक्ष्याला एक अशक्य अन्न दिले. या देण्याघेण्यामागे एक न्याय आहे. चंदनाचे सर्वस्व त्याच्या गाभ्यात, अशोकाचे त्याच्या फुलोऱ्यात. फळ असते तर लक्ष विभागले असते. चकोराचे सर्वस्व मात्र त्याच्या भुकेत आहे, म्हणून त्याला अन्न हवे.

खरा चकोर हा तित्तिराच्या कुळातील, चांगला गुबगुबीत, जमिनीवर चालणारा पक्षी आहे. तो हिमालयाच्या खडकाळ उतारांवर राहतो, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा चंडीगढला कितीतरी जवळ. आणि तो दाणे, कोंब, किडे टिपून पोट भरतो. १२९० साली नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हा तिच्या पहिल्याच अध्यायात हा पक्षी आला तो आपले दाणे मागे टाकून आला. ज्ञानेश्वरांनी तेथे मोठा चकोर घेतला नाही, चकोराची पिले घेतली. शरदाच्या चंद्रकिरणांतले कोवळे अमृतकण ती पिले हळुवार मनाने वेचतात, आणि श्रोत्यांनी ही कथा तशी अनुभवावी असे मागणे आहे. अन्न कोवळे म्हणून खाणारा कोवळा, खाणारा कोवळा म्हणून वेचण्याची रीत हलकी, अशी ही साखळी आहे. टिपण्याची क्रिया दाणे खाणाऱ्या पक्ष्याचीच राहिली आहे, फक्त दाण्याच्या जागी किरण आला आहे. संकेत जुना होता; त्यातली चोच ज्ञानेश्वरांनी पुन्हा हलती केली.

असे अन्न ठरले की त्याच्याबरोबर एक नियमही येतो, आणि नियमाबरोबर उपास. चांदण्यावर जगणाऱ्याची अमावास्या कशी जाते, मेघाच्या धारेवर जगणाऱ्या चातकाचा वैशाख कसा जातो, हे सांगावेच लागत नाही. भक्तीच्या भाषेला या नियमाचा विलक्षण उपयोग झाला. पंजाबातील घुमान येथे परंपरेने ज्यांचा दीर्घ निवास मानला जातो त्या नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यांतील एका पदात प्रिय वस्तूंची रांगच लागते: बाळाला दूध, चातकाच्या मुखी पावसाची धार, हंसाला मानसरोवर, आणि उंटाला वेल. उंटाची वेल ही या रांगेतली सर्वांत रसरशीत गोष्ट आहे. संकेतातल्या पक्ष्यांच्या जवळ एक धुळीतला, खरा, चावणारा प्राणी आणून बसविल्यामुळे चातकाची तहानही खरी वाटू लागते.

लोककथेने हा नियम वेगळ्या रीतीने सांभाळला. मंगळागौरीच्या कहाणीत निपुत्रिक वाण्याला देवीच्या देवळामागच्या आंब्याचे एक फळ घ्यायला सांगितलेले असते. तो गणपतीच्या दोंदावर पाय देऊन वर चढतो, पोटभर आंबे खातो, मोट बांधतो. खाली उतरून पाहतो तर मोटेत आंबा एकच. पुन्हा चढतो, पुन्हा एकच. शेवटी गणपतीच कंटाळून त्याला सांगतो की तुझ्या नशिबी एकच फळ आहे. हे फळ दिसायला घरच्या परसातल्यासारखेच आहे. अद्भुत आहे ते त्याचे मोजमाप. मराठी परीकथांत पुढे जी सोन्याची, हिऱ्यांची फळे पिकू लागली, त्यांच्यात हे मोजमाप क्वचितच आढळते. सोन्याचे फळ खाता येत नाही, नासत नाही, संपत नाही, आणि म्हणून त्याच्यावर जगणारी परीही भुकेली होत नाही. वाचणाऱ्या मुलाला स्वतःची भूक चांगली ठाऊक असते; त्याला ही परी कागदी वाटली तर दोष मुलाचा नव्हे.

नव्या विज्ञानकथेच्या आरंभीच्या काळातले एक उदाहरण येथे ताडून पाहण्यासारखे आहे. एच. जी. वेल्सच्या ‘द टाइम मशीन’ (१८९५) मध्ये आठ लाख वर्षांनंतरच्या पृथ्वीवर एलॉय नावाचे नाजूक मनुष्यवंशीय केवळ फळांवर जगतात. रासबेरीची अवाढव्य वाढ झालेली एक जात, आणि तीन बाजूंच्या सालीत असलेले एक पिठूळ फळ, असे त्यांचे अन्न प्रवाशाला दिसते. गाय, मेंढी, कुत्रा हे प्राणी नामशेष झाले आहेत. प्रवासी फळे आवडीने खातो, वाचकालाही ती आवडतात. मग हळूहळू ध्यानात येते की ज्या जगात एलॉयखेरीज मांस उरलेले नाही, त्या जगात जमिनीखालचे मॉर्लॉक काय खात असतील. वेल्सने भयाची तयारी फळांच्या ताटावर केली आहे. पिठूळ फळ हे सजावट म्हणून आलेले नाही. एका वंशाने श्रम सोडले, दुसऱ्याने ते केले, आणि हिशेब कसा चुकता झाला, याची पहिली नोंद त्या ताटात आहे.

आणि तरीही भारतीय परंपरेतील सर्वांत धाडसी कल्पित फळ कोणत्याही झाडाला लागलेले नाही. वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात अंजनी फळे आणायला गेलेली असते; बाळ भुकेले होते, उगवता तांबडा सूर्य पाहते आणि ते फळ समजून झेप घेते. समर्थांच्या मारुतिस्तोत्रामुळे ही झेप महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली, पण मूळ प्रसंगातला विनोद स्तोत्रात मावलेला नाही. त्याच दिवशी सूर्याला ग्रासायला राहू आलेला असतो. तो इंद्राकडे तक्रार घेऊन जातो: भूक भागवायला चंद्रसूर्य मला नेमून दिले होते, आता ते दुसऱ्याला कसे दिले? दोन कल्पित जीव एकाच फळावर हक्क सांगत आहेत, आणि त्यांतला एक कायद्याची भाषा बोलतो आहे. इंद्र राहूला घेऊन येतो तो ऐरावतावर बसून. बाळ राहूला पाहते आणि सूर्य सोडून राहूलाच फळ समजून त्याच्याकडे झेपावते. मग ऐरावत दिसतो. तो तर आणखी मोठे फळ.

भागवतात जांभूळ हत्तीएवढे आहे, येथे हत्तीच जांभूळ झाला आहे. पुराणकार बाहेर उभा राहून फळाचे माप घेतो. उत्तरकांडाचा कवी बाळाच्या भुकेच्या आत शिरतो, आणि तेथून पाहिले तर आकाशात जे जे गोल आणि जवळ आहे ते फळच आहे. फळ कल्पिणारा येथे कवी नाही, तो प्राणी स्वतः आहे. ते फळ त्याला मिळत नाही. इंद्राचे वज्र लागून हनुवटी मोडते, आणि न खाल्लेल्या त्या फळापायी त्याला हनुमान हे नाव मिळते.